परदेशी फाउंटन पेन टपालानं नागपुरात मागवताना: हिशेब, कागदपत्रं आणि कस्टम ड्यूटी

धरमपेठ, सीताबर्डीच्या दुकानांतली पेनं वापरून हात बसला, की फाउंटन पेनच्या नादी लागलेल्या माणसाचं लक्ष हमखास जपानी नाहीतर जर्मन निबकडे वळतं. वेबसाइटवर किंमत दिसते, ती रुपयांत करून बघितली की भारी स्वस्त वाटते, आणि बोट ऑर्डरच्या बटणावर जातं. तिथेच थांबा. ती पेनची खरी किंमत नव्हे. मालाचा दाम, पोस्टेज, बँकेची कात्री, ड्यूटी आणि ड्यूटी भरून घेण्याचं शुल्क या सगळ्यांची बेरीज म्हणजे पेनची किंमत. ही बेरीज ऑर्डरच्या आधीच कागदावर मांडता येते. ‘ड्यूटी लागली तर लागली, नाहीतर सुटलो’ म्हणणारे पुष्कळ आहेत. ती लागणारच असं धरून चाललेलं बरं. सुटलीच, तर शाईची एक बाटली जास्त घ्या.

आधी इथलं बघा

पायलट, लॅमी, शेफर यांसारख्या ब्रँडची पेनं भारतात रीतसर वितरकांमार्फत मिळतात. त्यांची छापील किंमत जास्त दिसते, पण ड्यूटी त्यातच धरलेली असते. वॉरंटी इथेच चालते आणि निब खराब निघाली तर परत करायला टोकियो गाठावं लागत नाही. म्हणून नियम सोपा: बाहेरून येणारी एकूण बेरीज इथल्या किमतीच्या जवळपास असेल, तर इथूनच घ्या. बाहेरून मागवण्यात खरा अर्थ आहे तो इथे न येणाऱ्या मालासाठी. जपानी कंपन्यांच्या खास निबा, एखाद्या दुकानापुरता काढलेला रंग, तिथला एखादा छोटा कारागीर, अशा गोष्टींसाठी खटाटोप करायचा. साध्या शाळकरी पेनसाठी करायचा नाही.

विक्रेत्याला काय विचारायचं

ज्या देशातून माल निघतो तिथला कर तुमच्या किमतीत आहे का, हे पहिल्यांदा बघा. जर्मनीत व्हॅट 19 टक्के आहे आणि जपानमध्ये उपभोग कर 10 टक्के. माल देशाबाहेर जाणार असेल तर बहुतेक चांगली दुकानं हा कर वगळून बिल करतात. भारताचा पत्ता टाकल्यावर कार्टमधली किंमत उतरली पाहिजे. उतरली नाही तर दुकानाला लिहा. हा कर वगळला जातो की नाही यावर सगळा सौदा फिरू शकतो.

दुसरा प्रश्न पाठवण्याच्या पद्धतीचा. टपाल खात्यामार्फत, म्हणजे ईएमएस (आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट) किंवा रजिस्टर्ड पार्सलनं, की खाजगी कुरिअरनं? टपाल स्वस्त पडतं, वेळ जास्त घेतं, आणि ड्यूटी बहुधा तुमच्या दारात किंवा पोस्टाच्या खिडकीवर भरायची असते. कुरिअर लवकर पोचतं, पण केवायसी मागतं आणि ड्यूटी तुमच्या वतीनं भरल्याचं वेगळं शुल्क लावतं, वर त्या शुल्कावर जीएसटी. कुरिअरच्या दरपत्रकात हे शुल्क बारीक अक्षरात असतं. तेही बेरजेत घ्या. तीन-चार हजारांच्या पेनला कुरिअर परवडत नाही. पन्नास हजारांच्या उरुशी, म्हणजे जपानी लाखेच्या, पेनला मी टपालाची वाट बघत बसणार नाही.

काही दुकानं ड्यूटी आधीच भरून घेतात. याला डीडीपी म्हणतात. डीएपी असेल तर ड्यूटी तुमच्याकडे. ऑर्डरच्या पानावर यातलं काही लिहिलेलं नसेल तर डीएपीच समजा.

वापरलेली, जुनी पेनं लिलावाच्या साइटवर स्वस्तात दिसतात. तिथे जरा सांभाळून. आपल्या परकीय व्यापार धोरणात वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर निर्बंध आहेत, आणि कस्टमच्या अधिकाऱ्यानं त्यावर बोट ठेवलं तर तुमच्याजवळ दाखवायला काही नसतं. पहिल्यांदा मागवत असाल तर नवीनच मागवा.

‘गिफ्ट’ लिहू देऊ नका

विक्रेते आपणहून विचारतात, ‘गिफ्ट लिहू का? किंमत कमी टाकू का?’ त्यांना वाटतं आपण उपकार करतोय. स्पष्ट नाही म्हणा.

कारण नुसतं नैतिक नाही. 12 डिसेंबर 2019 रोजी विदेश व्यापार महासंचालनालयानं नियम बदलला. ई-कॉमर्सवरून घेतलेल्या मालासकट जे काही टपालानं किंवा कुरिअरनं ‘भेट’ म्हणून ड्यूटीमुक्त सोडवायला येईल, त्याच्या आयातीवर बंदी आली. सूट उरली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. म्हणजे अमेरिकेतल्या बहिणीची राखी येईल, पण राखीसोबत तिनं भावाला पाठवलेलं पेन त्या सवलतीत बसत नाही. पूर्ण ड्यूटी भरून भेटवस्तू घेता येते. मग गिफ्ट लिहून मिळवलं काय?

किंमत कमी लिहिण्याचं त्याहून वाईट. कस्टम कायदा, 1962 च्या कलम 111 खाली चुकीची किंमत लिहिलेला माल जप्त होऊ शकतो, वर दंड वेगळा. अधिकाऱ्याला दुकानाची वेबसाइट उघडायला अर्धा मिनिट लागतो. आणि पार्सल वाटेत हरवलं तर भरपाई लेबलवरच्या किमतीइतकीच मागता येते. दहा हजारांच्या पेनवर ‘20 डॉलर’ लिहून घेतलं असेल तर तेवढ्यावरच समाधान मानायचं.

लेबलवर हवं ते असं: ‘फाउंटन पेन, 1 नग, वैयक्तिक वापरासाठी’, तुम्ही प्रत्यक्ष भरलेली किंमत आणि चलन, मूळ देश, आणि जमलं तर एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, 9608.30. टपालाच्या पार्सलवर 300 एसडीआरपर्यंतच्या (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) मालाला सीएन 22 हा छोटा फॉर्म चालतो, त्याहून जास्त किमतीच्या मालाला सीएन 23. बिलाची एक प्रत आत आणि एक बाहेरच्या पाकिटात ठेवायला सांगा. ‘स्टेशनरी’ किंवा ‘ॲक्सेसरी’ असं मोघम लिहिलेलं पार्सल उघडून बघितलं जाण्याची शक्यता वाढते.

पत्ता आणि नाव

नाव आधार किंवा पॅनवर आहे तसंच टाका, अक्षर न अक्षर. घरी आणि मोहल्ल्यात सगळे बंडूभाऊ म्हणत असले तरी पार्सल बंडूभाऊंच्या नावानं आलं की केवायसी जुळत नाही आणि ते तिथेच बसून राहतं. मोबाइल नंबर +91 लावून द्या. 1 जानेवारी 2021 पासून मालाच्या टपालाची माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं आधी पाठवणं जागतिक टपाल संघानं बंधनकारक केलंय, त्यामुळे फोन नंबरशिवायचं पार्सल तिकडूनच अडू शकतं.

आपल्याकडच्या पत्त्यांची तऱ्हा वेगळीच असते. ‘हनुमान मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ’ हे पोस्टमनला कळतं, परदेशी सॉफ्टवेअरला नाही. पत्त्याच्या ओळीत अक्षरांची मर्यादा असते आणि शेवटचं कापलं जातं. म्हणून आधी घर नंबर, मग ले-आउट, मग वस्ती, मग पिन कोड, आणि खुणेची जागा उरलीच तर शेवटी. दिवसा घरी कुणी नसेल तर ऑफिसचा पत्ता द्या. ड्यूटी भरायची असलेलं पार्सल पोस्टमन शेजारच्या काकूंकडे ठेवून जाऊ शकत नाही.

पैसे भरताना

कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये आधी बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. पेमेंटच्या पानावर ‘रुपयांत भरायचं की येनमध्ये’ असा पर्याय आला तर येनच निवडा. रुपयांचा दर तिथला मध्यस्थ ठरवतो आणि तो तुमच्या बाजूनं ठरवत नाही. तुमची बँक परकीय चलनाचं शुल्क घेईलच, बहुतेक कार्डांवर ते दोन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. पावतीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. कस्टमनं किंमतीचा पुरावा मागितला तर बिलापेक्षा कार्डाचं स्टेटमेंट जास्त पटतं.

ड्यूटीचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. वैयक्तिक वापरासाठी टपालानं किंवा विमानानं येणाऱ्या मालासाठी कस्टमच्या दरपत्रकात 9804 हा वेगळा मथळा आहे. त्यामुळे पेन असो की पेला, तुमच्या घरच्या वापरासाठी एकटादुकटा आला तर तो साधारण याच मथळ्याखाली धरला जातो.

ड्यूटी नुसत्या पेनच्या किमतीवर लागत नाही. माल, भाडं आणि विमा मिळून जी किंमत होते तिच्यावर लागते. मूल्यांकनाचे नियम 2007 सालचे आहेत आणि त्यात दोन कलमं तुमच्या कामाची आहेत. विम्याची रक्कम कळत नसेल तर मालाच्या किमतीच्या 1.125 टक्के धरतात. आणि माल विमानानं आला असेल तर भाडं कितीही झालेलं असो, मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. हे दुसरं कलम लोकांना ठाऊक नसतं. दहा हजारांच्या पेनला कुरिअरनं चार हजार भाडं घेतलं तरी ड्यूटीच्या हिशेबात दोन हजारच यायला हवेत. तुमच्या बिलावर पूर्ण चार हजार धरलेले दिसले तर कुरिअर कंपनीला लेखी विचारा.

उदाहरण मांडू. पेन 10,000 रुपये, ईएमएस 1,800, विमा वेगळा नाही म्हणून 112.50. एकूण 11,912.50. यावर मूळ सीमाशुल्क 10 टक्के धरलं तर 1,191.25. त्या शुल्काच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 119.13. या तिन्हींची बेरीज 13,222.88, आणि आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो तो या बेरजेवर. 28 टक्के दरानं तो होतो 3,702.41. एकूण ड्यूटी 5,012.79 रुपये. जुन्या बिलांवर 42.08 टक्के हा विचित्र आकडा दिसतो तो इथूनच आला: 10 अधिक 1, आणि 111 चे 28 टक्के.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचा 28 टक्क्यांचा टप्पा बहुतेक वस्तूंसाठी निघून गेला. याच हिशेबात आयजीएसटी 18 टक्के घातला तर एकूण ड्यूटी 3,690.49 वर येते. फरक तेराशे रुपयांचा. म्हणून मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या बिलावरून अंदाज बांधू नका. मूळ सीमाशुल्काचा दरही अर्थसंकल्पात वरखाली होत आलाय. एके काळी तो 35 टक्के होता आणि तेव्हा हीच बेरीज 77.28 टक्क्यांवर जायची. ऑर्डरच्या आठवड्यात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या साइटवर 9804 चा चालू दर बघायचा आणि वरच्या रीतीत आकडे बदलून घालायचे. चलनाचा दरही गूगलवरचा चालत नाही. कस्टम स्वतःचा दर जाहीर करतं, तो आइसगेट या कस्टमच्या साइटवर दिसतो आणि बाजारभावापेक्षा थोडा चढाच असतो.

पार्सल कुठे आहे

नागपूर देशाच्या मधोमध असलं तरी परदेशी टपाल आधी किनाऱ्यावरच्या किंवा मोठ्या विमानतळाच्या शहरात उतरतं. आपलं बहुतेक मुंबईमार्गे येतं. तिथे बॅलार्ड इस्टेटमध्ये विदेश डाक भवन आहे. दिल्ली, चेन्नई किंवा कोलकात्याला उतरलेलं पार्सलही बघायला मिळतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कस्टमचं काम तिथेच उरकतं आणि मग पार्सल देशी टपालासारखं नागपूरकडे निघतं.

टपालाचा ट्रॅकिंग नंबर 13 अक्षरांचा असतो: दोन अक्षरं, नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. ई नं सुरुवात म्हणजे ईएमएस, आर म्हणजे रजिस्टर्ड, सी म्हणजे पार्सल. नऊमधला शेवटचा अंक पडताळणीचा असतो आणि तो तुम्ही घरी तपासू शकता. पहिल्या आठ अंकांना क्रमानं 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 नं गुणा, बेरीज करा, 11 नं भागा, आणि उरलेली बाकी 11 मधून वजा करा. समजा आठ अंक 12345678 आहेत. बेरीज येते 204, बाकी 6, आणि 11 वजा 6 म्हणजे 5. तेव्हा नंबर 123456785 असायला हवा. उत्तर 10 आलं तर 0 लिहितात, 11 आलं तर 5. विक्रेत्यानं दिलेल्या नंबरात हा अंक जुळला नाही, तर तो नंबर चुकीचा टाइप झालाय किंवा मनानं रचलाय. अनोळखी विक्रेत्याशी व्यवहार असेल तेव्हा ही दोन मिनिटं घालवाच.

‘कस्टममध्ये रोखले’ असा शेरा दिसला म्हणजे जप्ती झाली असं नाही. तपासणीच्या रांगेत असलेल्या पार्सललाही तोच शेरा लागतो. दिवाळीच्या आगेमागे ही रांग लांबते. रोज ट्रॅकिंग उघडून काही होत नाही. पंधरा-वीस दिवस शेरा हललाच नाही तर विक्रेत्याला तिकडच्या टपाल खात्यात चौकशी नोंदवायला सांगा. औपचारिक तक्रार पाठवणाऱ्याच्या बाजूनं लवकर पुढे सरकते. तुम्हाला पत्र किंवा ईमेल आला आणि त्यात बिल, पेमेंटचा पुरावा, ओळखपत्र मागितलं असेल तर तिन्ही एकाच उत्तरात पाठवा. एकेक करून पाठवलं की दर वेळी फाइल नव्यानं रांगेत लागते.

फोन आला तर

परदेशी पार्सलची वाट बघणारा माणूस भामट्यांच्या तावडीत सोपा सापडतो. ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, व्हिडिओ कॉलवर राहा’ असा फोन आला तर तो कापा. डिजिटल अरेस्ट नावाची चीज कायद्यात नाही. कस्टमचा अधिकारी कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर ड्यूटी मागत नाही. खात्याच्या लेखी पत्रावर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो, 2019 पासून. तो अप्रत्यक्ष कर मंडळाच्या साइटवर टाकून पत्र खरं की खोटं ते तपासता येतं. केवायसीची लिंक एसएमएसमधून उघडू नका, कुरिअरच्या साइटवर स्वतः जाऊन ट्रॅकिंग नंबर टाका. आणि पैसे गेलेच, तर लगेच 1930 ला फोन.

पार्सल दारात आल्यावर

ड्यूटीची रक्कम पार्सलवर किंवा सोबतच्या कागदावर लिहिलेली असते. पैसे देण्याआधी ती तुमच्या हिशेबाशी जुळवा. शे-दोनशेचा फरक चलनाच्या दराचा असतो, तो सोडा. दुप्पट दिसत असेल तर थांबा. पोस्टमनशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. ‘पार्सल पोस्टात ठेवा’ म्हणा, आणि सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत किंवा तुमच्या वितरण पोस्टात जाऊन मूल्यांकनाचा कागद नीट बघा. बहुतेक वेळा घोटाळा चलनाचा असतो, येनचे आकडे डॉलर म्हणून वाचलेले असतात. मग बिल आणि स्टेटमेंट जोडून फेरमूल्यांकनाचा लेखी अर्ज करा, त्याची पोच घ्या. पोस्ट पार्सल मोजकेच दिवस ठेवतं, नंतर ते परत जातं, म्हणून ‘अर्ज केलाय, तोवर थांबवा’ हेही लेखीच द्या. निर्णय पटला नाही तर आयुक्तांकडे अपील 60 दिवसांत करता येतं. दीड हजारासाठी मी ते करणार नाही. पंधरा हजारांचा प्रश्न असेल तर नक्की करीन.

खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवा, लेबलपासून निबपर्यंत, मधे न थांबवता. निबचे दोन्ही दाते सारखे आहेत का ते भिंगातून बघा. टोपण, क्लिप, कन्व्हर्टर (शाई ओढून भरायची नळी) तपासा. नुसत्या पाण्यात बुडवून दोन रेघा ओढा. शाई भरली की बरीच दुकानं पेन परत घेत नाहीत. सदोष माल परत पाठवून ड्यूटीचा परतावा मागायची सोय कस्टम कायद्याच्या कलम 26ए मध्ये आहे, मुदत ड्यूटी भरून माल सुटल्यापासून 30 दिवसांची, पण त्यासाठी माल कस्टमच्या देखरेखीखाली परत जावा लागतो. एका पेनसाठी हा व्याप झेपत नाही. त्यापेक्षा विक्रेत्याकडून नवीन निब किंवा अर्धी रक्कम परत मागा. चांगली दुकानं व्हिडिओ बघून फारसे आढेवेढे घेत नाहीत.

शाईच्या बाटल्या मात्र मी मे महिन्यात मागवू देत नाही. पंचेचाळीस अंशांत गोदामाच्या पत्र्याखाली पडलेल्या बाटलीचं झाकण पाझरतं आणि बाजूचं पेनही रंगून येतं. ऑक्टोबरनंतर मागवा, वेगळ्या पार्सलमधून.

एक प्रश्न नेहमी येतो म्हणून लिहितो: याच रीतीनं सिगार मागवता येतील का? तो मामला वेगळा आहे. तंबाखूवर कराचे दर निराळे आणि जबर आहेत, आणि पाकिटाच्या 85 टक्के भागावर आपल्या नमुन्याचा सचित्र इशारा असावा लागतो, जो हवाना किंवा हाँगकाँगच्या दुकानातल्या डब्यावर नसतो. विमानानं येणाऱ्या प्रवाशाला बॅगेज नियमांत 25 सिगारची मुभा दिलेली आहे. शौक असेल तर येणाऱ्या पाहुण्याला सांगा. ई-सिगारेट तर कुठल्याच वाटेनं आणायची नाही, 2019 च्या कायद्यानं तिची आयातच बंद आहे.

ड्यूटीची पावती, बिल आणि कार्डाचं स्टेटमेंट एकाच पाकिटात ठेवा, पाकिटावर पेनचं नाव आणि तारीख लिहा. पुढेमागे पेन विकायचं ठरलं तर घेणारा हे पाकीट आधी मागतो, पेन नंतर बघतो.